ओसरीवरचा माग
घरबसल्या कामाचे तास कोण मोजतो?

मराठीत ‘घरकाम’ हा शब्द फार जुना आहे आणि त्याचा अर्थ पक्का ठरलेला आहे. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे. या कामाला मोल नसते आणि सुट्टीही नसते. पोटासाठी घरातच बसून जे काम केले जाते त्याला मात्र मराठीने वेगळे नाव दिले नाही. कोष्टी विणतो, बाई विड्या वळते, शिंपी शिवतो. कामाला नाव आहे, पण ते घरात होते या गोष्टीला नाव नाही. ‘घरबसल्या’ हा एक शब्द आपल्यापाशी आहे, पण त्यात सुखाची छटा आहे. घरबसल्या मिळाले म्हणजे सायासावाचून मिळाले.

म्हणूनच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लाखो कचेऱ्या लोकांच्या बैठकीच्या खोलीत शिरल्या, तेव्हा त्या प्रकाराचे नाव आपल्याला इंग्रजीतून घ्यावे लागले. ‘वर्क फ्रॉम होम’बरोबर सल्लेही आले. कामाची वेळ ठरवा, कामाची जागा वेगळी ठेवा, ताठ बसा, तासातासाने उठा, संध्याकाळी काम बंद करा. सल्ले चुकीचे नव्हते. पण प्रत्येक सल्ला एकट्या माणसाला उद्देशून होता. जणू घरी काम करणाऱ्याची तब्येत आणि त्याच्या हातून होणारे काम या दोन्ही गोष्टी त्याच्या स्वतःच्या शिस्तीवरच अवलंबून आहेत.

या समजुतीला इतिहास काय उत्तर देतो, ते पाहण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा वैनगंगेच्या काठावरचे आरमोरी अधिक उपयोगी आहे. तिथे आणि भोवतालच्या जुन्या चांदा, भंडारा, नागपूर या मुलखात घर हीच कामाची जागा होती, आणि पुष्कळ घरांत ती आजही आहे. या मुलखाने घरातल्या कामाचे तीन मोठे नमुने पाहिले : कोसा-कापडाचा माग, चरखा आणि विडी. तिन्हींच्या इतिहासात प्रश्न एकच दिसतो. घरातल्या कामाचे तास कोण मोजतो?

कोशापासून कापडापर्यंत

आरमोरी आज गडचिरोली जिल्ह्यातला तालुका आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, त्याआधी आरमोरी चांदा जिल्ह्यात होती. एकोणिसाव्या शतकातल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरांत तिची नोंद येते ती वैनगंगाकाठची बाजारपेठ म्हणून. येथे जाडेभरडे आणि तलम कापड विणले जाते, टसरचे काम चालते आणि पूर्वेच्या जंगलातला माल विक्रीला येतो, असे त्या नोंदींचे सार आहे. आजही जिल्ह्याच्या उद्योगांची यादी केली, तर भातगिरण्या आणि कागदाच्या कारखान्याबरोबर आरमोरी तालुक्यातले टसर रेशीम केंद्र त्यात असतेच.

टसरला आपल्याकडे कोसा म्हणतात. तुतीच्या रेशमाचा किडा घरात ताटलीवर वाढतो, टसरचा किडा मात्र जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. पावसाळ्याच्या तोंडाला अंडीपुंज घेऊन झाडांवर अळ्या सोडायच्या, पाखरे आणि मुंग्या त्यांना खाऊ नयेत म्हणून महिना-दीड महिना राखण करायची, पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या आणि कोष बांधून झाले की उतरवायचे. या भागात हे काम परंपरेने ढिवर समाजाने केले. मध्य भारतातल्या टसर पाळणाऱ्यांमध्ये या दिवसांत सोवळे पाळण्याची, मांस-मच्छी वर्ज्य करण्याची रीत होती. मासेमारीवर जगणाऱ्या समाजाला ही केवढी अट असेल! पण त्या रीतीमुळे राखणीचा काळ इतर दिवसांपासून वेगळा पडत असे. कामाला आरंभ होता आणि शेवटही होता.

कोष घरी आला की बायकांचे काम सुरू होई. कोष शिजवायचा, खाराच्या पाण्यात मऊ करायचा आणि चार-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढून त्यांचा एक धागा काढायचा. पुढे धागा मागावर जाई. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कोष्टी हे रेशमाचे आणि तलम सुताचे विणकर म्हणून येतात. जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत महार विणकरांची संख्या मोठी होती. म्हणजे कोसा, तलम सूत आणि जाडे सूत यांची घरे जातीनुसार वेगळी होती, पण तिन्ही ठिकाणी कारखाना घरातच होता.

मागाच्या घराची रचनाच कामाने ठरवलेली असे. खड्ड्याचा माग जमिनीत बसवलेला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर आणि हातात धोटा. खड्ड्यातल्या ओलाव्याने ताणा सहसा तुटत नाही, म्हणून माग अंधाऱ्या, दमट जागी बरा. पण धागा दिसायला उजेड हवा, म्हणून तो दाराजवळ किंवा ओसरीच्या कडेला. एका मागाला एक माणूस कधीच पुरत नाही. कोणी कांड्या भरायच्या, कोणी ताणा लावायचा, कोणी सुताला खळ द्यायची. विणकराच्या नावावर जे लुगडे विकले जाई, त्यात बायको, आई, मुले आणि म्हातारा बाप यांचे हात असत. व्यापारी पैसे मोजी ते लुगड्याचे. त्या हातांचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

कामाची घडी आणि घड्याळाची घडी

इंग्लंडचा इतिहासकार ई. पी. थॉम्पसन याने १९६७ साली वेळ आणि कामाची शिस्त यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. कारखाने येण्यापूर्वी लोक घड्याळाप्रमाणे काम करत नसत, कामाप्रमाणे वेळ ठरत असे, हा त्याचा मुद्दा. घरी बसून विणणारे इंग्रज विणकर सोमवार आरामात घालवत आणि आठवड्याच्या अखेरीस रात्रीचा दिवस करत. त्या सोमवारला त्यांनी थट्टेने संतपदच दिले होते.

आपल्या विणकराची घडीही अशीच कामाची होती. पावसाळ्यात सूत ओढ घेई तेव्हा माग मंद चाले. लग्नसराईच्या आधी मागणी वाढे तेव्हा दिव्याच्या उजेडात धोटा फिरे. बाजाराचा दिवस विक्रीचा आणि सूत आणण्याचा, त्या दिवशी मागावर बसणे नसे. खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात आणि त्या दिवशी ती वापरत नाहीत. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसाच हा मागाचा पोळा. विश्रांती अशी साऱ्या समाजाने मिळून ठरवलेली असे. शेजारच्या घरातला मागही बंद असे, म्हणून आपला बंद ठेवताना मागे पडल्याची धास्ती नसे.

पण या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचे कारण नाही. विणकर सूत उधारीवर घेई आणि कापड त्याच सावकाराला देई. वरवर पाहता वेळ विणकराचा होता, प्रत्यक्षात तो कर्जाचा होता. आणि सणाच्या दिवशी माग बंद असला, तरी चूल पेटलेलीच असे. कांड्या भरणाऱ्या बाईच्या वाट्याला त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक येई. घरात काम करणाऱ्या बाईचा दिवस दोन कामांनी भरलेला असतो, ही गोष्ट टाळेबंदीत नव्याने कळल्यासारखी बोलली गेली. आरमोरीच्या घरांत ती कधीच नवी नव्हती.

शरीराने ठेवलेली नोंद

बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना ‘तू काम काय करतोस?’ हाही प्रश्न विचारावा, असा त्याचा आग्रह होता. विणकर, शिंपी, चांभार अशा लोकांची दुखणी त्याने पाहिली. बसून काम करणाऱ्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवावे, असे त्याने सुचवले. आजचे सल्ले तीनशे वर्षे जुने आहेत ते असे.

आपल्याकडे ही नोंद वैद्याने ठेवली नाही. ती शरीरातच राहिली. खड्ड्याच्या मागावर दमट मातीत वर्षानुवर्षे पाय सोडून बसल्यावर गुडघे आणि कंबर काय बोलतात, ते कुठल्याही विणकर वस्तीत ऐकायला मिळते. कमी उजेडात बारीक सूत बघून डोळे लवकर थकतात. पण सर्वांत बोलके उदाहरण कोशाच्या धाग्याचे आहे. देशाच्या टसर पट्ट्यात बायका हा धागा मांडीवर वळत आल्या. उघड्या मांडीला तेल किंवा खळ लावायची, एका हाताने तंतू ओढायचे आणि दुसऱ्या हाताने ते मांडीवर घासून पीळ द्यायचा. दिवसाकाठी तासन्‌तास. कातडी सोलवटते, रक्त येते, डाग कायमचे राहतात. पाठ वाकलेलीच असते.

याला यंत्र नव्हते असे नाही, पण घरातल्या बाईच्या मांडीपेक्षा स्वस्त यंत्र कुठून मिळणार? तिचे तास कुणी मोजत नव्हते, म्हणून तिचा वेळ वाचवण्यात कुणाला फायदाही दिसत नव्हता. केंद्रीय रेशीम मंडळ १९४८ च्या कायद्याने स्थापन झाले. मांडीवरची कताई बंद करण्यासाठी ‘बुनियाद’ नावाचे छोटे यंत्र देशभर वाटण्याची मोहीम मात्र निघाली ती एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक सरत आल्यावर. मार्च २०२० अखेर ही प्रथा संपवण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले होते. शहरातल्या लोकांना घरी बसायला चांगली खुर्ची हवी याचा साक्षात्कार झाला तो महिनाही हाच.

यंत्राने दुखापत टळते आणि धागाही एकसारखा निघतो, म्हणून त्याला भाव अधिक मिळतो. तब्येत आणि उत्पादन या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे या साध्या यंत्राने दाखवले. त्यासाठी त्या बाईचे श्रम कुणाच्या तरी हिशेबात यावे लागले.

भोंगा आणि उंबरठा

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगार नियमित येत नाहीत ही तिथली सुरुवातीची मोठी अडचण होती. ज्यांची वेळ कामावर, हंगामावर आणि सणावर चालत आली होती, त्यांना भोंग्यावर चालायचे होते. टाटांनी बक्षिसे दिली, पुढे निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी केल्या आणि माणसे टिकवली.

गिरणीत मजुरांची पिळवणूक होती, पण तिथे एक गोष्ट घडली. तास दिसू लागले. दिसू लागले म्हणून त्यांवर भांडता आले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांच्या कामाचे तास दिवसाला अकरावर आणले. १९४८ च्या कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली.

हे सारे कायदे कारखान्याच्या फाटकापाशी थांबत. यंत्र किती, माणसे किती, यावर कारखाना ठरे आणि घराचा उंबरठा त्या व्याख्येत बसत नसे. घरातल्या मागावर गिरणीचा परिणाम मात्र झाला. हातकताई गेली, कारण गिरणीचे सूत स्वस्त. तलम कापडाचे आणि कोशाचे विणकर गिरणीचे सूत किंवा रेशीम वापरून टिकले. जाडेभरडे विणणाऱ्यांवर घाव सर्वांत मोठा बसला. घरात बसून सूत कातणाऱ्या बाईचे काम तर बोलाचाली न होताच संपले. ती कधी कामगार म्हणून नोंदलीच गेली नव्हती, त्यामुळे तिची बेकारीही कुठे नोंदली गेली नाही.

सावलीतला हिशेब

गडचिरोलीहून वैनगंगा ओलांडून पश्चिमेला आले की सावली लागते. तेव्हा ती चांदा जिल्ह्यातच होती. चरखा संघाचे खादीचे काम तिथे चाले. गांधी सेवा संघाचे अधिवेशन १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सावलीला भरले आणि गांधीजी त्याला हजर होते. हे ठिकाण निवडले गेले त्याच्या काही महिने आधी वर्ध्यात एक निर्णय झाला होता. घरातल्या कामाच्या इतिहासात त्याला फार मोठे स्थान मिळायला हवे होते.

अखिल भारत चरखा संघ १९२५ साली स्थापन झाला. दहा वर्षांत कातणाऱ्या बायकांची संख्या वाढली, पण दिवसभर कातून त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन आणे पडत. खादी महाग होऊ नये म्हणून मजुरी कमी ठेवायची आणि फावल्या वेळाचे काम म्हणून ती कमी असणे योग्यच मानायचे, असा व्यवहार होता. १९३५ मध्ये गांधीजींनी या व्यवहाराला हात घातला. तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांना आठ आणे, हे त्यांचे माप होते. त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्यात चरखा संघाने ठराव केला. आठ तासांच्या कार्यक्षम कामाच्या हिशेबाने प्रत्येक कातणाऱ्याला इतकी मजुरी मिळावी, की तीतून वर्षाला वीस वार कापड आणि शास्त्रीय आहारमानाप्रमाणे पोटभर अन्न मिळेल, असा त्याचा आशय होता.

या ठरावात काय काय एकत्र आले, ते पाहण्यासारखे आहे. आठ तास ही कामाची मर्यादा. ‘कार्यक्षम’ म्हणजे नीट चरखा, चांगली पिंजलेली रुई आणि शिकवलेला हात. त्याची जबाबदारी संघाने घेतली. आहारमान म्हणजे आरोग्य. आणि या सर्वांचा आधार मजुरी. घरात बसून केलेल्या कामाची वेळ, उत्पादन आणि तब्येत या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बांधणारा यापूर्वीचा दाखला आपल्याकडे सहज सापडत नाही. बाई घरातच असते, फावल्या वेळात करते, मग तिला कमी चालेल, हा युक्तिवाद त्या ठरावाने नाकारला.

ठराव जसाच्या तसा अमलात आला नाही. मजुरी वाढली की खादीची किंमत वाढे, आणि किंमत वाढली की गिऱ्हाईक कमी होई. प्रत्यक्षात ठरलेले दर आठ आण्यांच्या बरेच खाली राहिले. तरीही एक पायंडा पडला. काम घरात होत असले, तरी त्याचे तास बाहेरून मोजता येतात, आणि ज्याला कापड हवे त्याने त्या तासांची किंमत द्यायची असते, हे मान्य झाले.

विडीचा खटला

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न विडीच्या रूपाने न्यायालयात गेला. तेंदूपान या जंगलांचे, आणि विड्यांचे मोठे व्यापारी गोंदिया, भंडारा, कामठी, जबलपूर, सागर या पट्ट्यातले. मालक किंवा सट्टेदार पाने आणि तंबाखू मोजून देई, बायका घरी विड्या वळत आणि मजुरी हजारामागे मिळे. वाईट ठरवलेल्या विड्या बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी कापली जाई.

१९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर कमी पडू नयेत म्हणून ठराविक गावांत विड्या वळायलाच बंदी घालण्याचा अधिकार त्यात होता. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. ८ नोव्हेंबर १९५० रोजी चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. शेतीची कामे ज्यांना करताच येत नाहीत अशा दुर्बल आणि अपंग माणसांच्याही हातचे काम हा कायदा काढून घेतो, असे न्यायालयाने दाखवून दिले. राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. व्यवसायस्वातंत्र्यावरचे निर्बंध ‘वाजवी’ केव्हा, याचा पहिल्या मोठ्या निकालांपैकी हा एक, आणि तो घरात बसून विड्या वळणाऱ्यांमुळे लागला.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. ज्याच्यावर मुकादम उभा नाही, तो कामगार म्हणायचा का? १९६०-६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वर्षाच्या अंतराने दोन निकाल दिले. नागपूरच्या विडी कारखान्याच्या खटल्यात मजूर कारखान्यात बसून काम करत, हजेरी लागे, पण यायची-जायची वेळ बरीच त्यांच्या मर्जीवर होती. न्यायालयाने त्यांना कामगार मानले. सिन्नरच्या खटल्यात परिस्थिती जवळपास तशीच होती, पण कधी यावे, कधी जावे, किती वळावे हे मजूर स्वतः ठरवतो, म्हणून तो कारखाना कायद्याखालचा कामगार नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले.

सिन्नरच्या निकालातला तर्क आज पुन्हा ऐकू येतो. वेळ तुझी, तू स्वतःच्या मर्जीचा मालक, मग सुट्टी कसली आणि संरक्षण कसले? पण हजारामागे इतके पैसे असा दर असला आणि त्यात पोट भरत नसले, की वेळ मर्जीची राहत नाही. पोट भरेपर्यंत वळत राहावे लागते. मुले पाने कापतात, म्हातारी तारा बांधते आणि तंबाखूची धूळ साऱ्या घराच्या छातीत जाते. कारखान्यात निदान ती धूळ घरी येत नाही.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने हा तर्क मोडला. मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेला माल घरी नेऊन विड्या वळणारी व्यक्तीही कामगार, असे त्यात स्पष्ट म्हटले. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, बाळंतपणाचे संरक्षण आणि विड्या बाद करण्यावरून होणाऱ्या तंट्यांची सोडवणूक यांची तरतूद झाली. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः उचलून धरला. अंमलबजावणी तोकडी राहिली. पुष्कळ बायकांना कार्डच मिळाले नाही, कारण कार्ड दिले की देणेकरी ठरावे लागते. पण घराच्या उंबरठ्याच्या आतही कायदा येऊ शकतो, हे या देशाने विडीवाल्या बायकांच्या निमित्ताने कबूल केले.

मोजणीबाहेरचे घर

यानंतरची पावले जगाच्या पातळीवर पडली. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ने घरी काम करणाऱ्या बायकांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय मंचावर नेला. २० जून १९९६ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी केल्या जाणाऱ्या कामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्याची व्याख्या रुंद आहे. दुसऱ्याने सांगितलेली वस्तू किंवा सेवा मोबदल्यासाठी आपल्या घरात तयार करणारा तो घरकामगार, मग हत्यार कुणाचेही असो. विडी वळणारी, कोसा काढणारी आणि कायम घरूनच संगणकावर नोंदी भरणारी, तिघीही या व्याख्येत येतात. भारताने या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही.

याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालाने २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी माणसे घरातून काम करत होती, असा अंदाज दिला. म्हणजे महामारीआधीच शंभरातली जवळजवळ आठ. आपल्या जनगणनेत ‘घरगुती उद्योग’ हा वेगळा रकाना आहे, पण जी बाई स्वतःला ‘घरीच असते’ म्हणून सांगते, ती मागाला कांड्या भरत असली तरी त्या रकान्यात येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. घरातून कमावण्याचे काम याच दिवसात बसवायचे असते. चोवीस तासांतली ही पाच तासांची कपात ध्यानात न घेता घरून काम करणाऱ्या बाईच्या कार्यक्षमतेचे गणित मांडले, तर ते चुकणारच.

कचेरीतल्या नोकरदाराकडे कायद्याने अलीकडे पाहिले आहे. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि ती संपल्यावर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची मुभा आली. मुभा चांगली आहे. मात्र घरातल्या तासांची मर्यादा तिने सांगितलेली नाही. आणि तास वाढले की काय होते, ते आता अंदाजाचे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अंदाज मांडला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तासांच्या कामामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मेली. भोंगा वाजत नाही अशा घरात ५५ तास कधी उलटले, ते कळतही नाही.

शेवटी हिशेब

माग, चरखा आणि विडी यांच्या इतिहासातून घरून काम करणाऱ्याला मिळणारा सल्ला ‘ताठ बसा’ यापेक्षा वेगळा आहे. घरातल्या विश्रांतीला समाजाची साथ लागते. खंडेनवमीला सगळे माग एकदम बंद होत, म्हणून प्रत्येकाला बंद ठेवता येई. आपण संध्याकाळी सातला यंत्र मिटले आणि बाकीचे जागे राहिले, तर त्या शिस्तीला फार दिवस टिकाव नाही. जागा, दिवा, खुर्ची, वीज यांचा खर्च कोण करतो हेही उघड झाले पाहिजे. विणकराने खड्डा स्वतःच्या घरात खणला आणि त्याचे भाडे कापडाच्या किमतीत कधी आले नाही. कामाला हातभार लावणारे घरातले इतर हात दिसले पाहिजेत. आणि तास मोजणारा काम देणाऱ्याहून वेगळा असला पाहिजे, मग तो संघ असो, कायदा असो वा संघटना. १९३५ च्या ठरावाचे आणि १९६६ च्या कायद्याचे सारे बळ यातच होते.

काम नेटके व्हावे आणि करणाऱ्याची तब्येतही राहावी, अशी दोन्ही मागणी वर्ध्याच्या त्या ठरावाने एकत्र केली, तेव्हा समोर एक गरीब कातणारी बाई होती. तिच्यासाठी आठ तास, वीस वार कापड आणि पोटभर अन्न हे किमान माप ठरवले गेले. नव्वद वर्षांनी घरातून काम करणाऱ्यांत पदवीधर आले, पगार वाढले, ओसरीवर मागाऐवजी संगणक आला. ते माप मात्र अजून अपुरेच आहे, आणि कोशाचा धागा काढणाऱ्या बाईसाठी तर ते ठरवायचेच राहिले आहे.